अंगवळणी पडलेला पाय

(सीबीडी बेलापूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांनी मध्येच विचारलेले प्रश्न संक्षेपाने घेतले आहेत.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हाला विचारले, की कृत्रिम पायाला कसला आलाय इतिहास? तो तर दवाखान्याचा विषय. त्यांचे बरोबरच आहे, पण निम्मेच. ज्यांच्या घरात असा पाय आलेला आहे त्यांना उरलेले निम्मे माहीत असते. पाय मिळतो त्या दिवशी फोटो निघतो, पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी येऊन बघून जातात. आणि सहा महिन्यांनी तोच पाय जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर जातो. का जातो? कुणी नेऊन ठेवतो? आणि ज्यांचा जात नाही त्यांनी असे काय केलेले असते? आमच्या मते या विषयाचा खरा इतिहास इथे आहे. पाय कुणी बनवला, कुणी दिला, हे सगळे नोंदलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले ते सहसा नोंदलेले नसते. आज आपण ती दुसऱ्या दिवसाची सकाळ शोधत जाऊ.

सुरुवात सगळेच करतात तिथून करू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेचा उल्लेख येतो. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी रातोरात तिला लोखंडाचा पाय बसवला, ती पुन्हा धावायला लागली. काही अभ्यासकांच्या मते विश्पला ही बाई नसून शर्यतीची घोडी होती. तो वाद आपण संस्कृतवाल्यांकडे सोपवू. आम्हाला त्यात एकच शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे रातोरात. आपल्या नवनाथांच्या पोथीतही तेच. चौरंगीनाथाचे हातपाय तोडले गेले, त्याने तप केले आणि झाडाला पालवी फुटावी तसे त्याला हातपाय फुटले. पोथी वाचणाऱ्या घरात ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. कथेत अवयव परत येतो तो पूर्वीसारखाच येतो. तो घासत नाही, त्याला फोड येत नाहीत, तो पावसात ओला होत नाही. कथेला हे परवडते.

आता कागदपत्रांकडे या. चौरंगा करणे हा जुन्या मराठीतला शिक्षेचा शब्द आहे. हातपाय तोडण्याची शिक्षा. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या पत्रांपैकी १६४६ सालचे एक पत्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे, रांझे गावच्या पाटलाचे. बावाजी गुजर पाटलाने बदअंमल केला, त्याचे हातपाय तोडले, ही गोष्ट आपण न्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ते पत्र तिथे संपत नाही. पुढे त्याच्याच नात्यागोत्यातला सोनजी गुजर पुढे येतो आणि म्हणतो, याला आमच्या हवाली करा. तो दंड भरतो, बावाजीला ताब्यात घेतो आणि पाटीलकी सोनजीकडे जाते. आता बघा, गुन्हेगार असला तरी हातपाय नसलेल्या त्या माणसाला उद्यापासून भरवणार कोण, उचलणार कोण, हा प्रश्न त्या दरबारात उभा राहिला आणि त्याचे उत्तर कागदावर आले. त्यात सोनजीला वतन मिळाले हेही खरे, माणुसकी आणि वतन एकाच पत्रात. पण हातपाय गेल्यानंतरच्या आयुष्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहिलेली आम्हाला जी मराठी कागदपत्रे ठाऊक आहेत, त्यांत हे फार जुने. म्हणून आम्ही ते न्यायाच्या फाइलीतून काढून या फाइलीत ठेवतो.

सभासदाच्या बखरीत आणखी एक नोंद आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले, असे तो सांगतो. जखम पाहून, हे महत्त्वाचे. म्हणजे कोणीतरी बसून जखमेचे मोल ठरवत होते. ही भरपाई झाली. भरपाईचा आणि सांभाळण्याचा हिशेब वेगळा असतो, हे पुढे दिसेलच.

आणि आता आमचा आवडता माणूस, कावसजी. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात त्याची हकीकत चित्रासह छापून आली. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत हा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा होता, जातीने कुणबी मराठा असे त्यात म्हटले आहे. टिपूच्या लोकांनी पकडले आणि त्याचे नाक कापले. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा भाजणाऱ्या जातीतल्या माणसाने, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या दोन इंग्रज सर्जनांनी हे पाहिले. ती हकीकत वाचून युरोपातल्या डॉक्टरांनी ही पद्धत उचलली आणि आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात पुण्याच्या त्या कारागिराचा उल्लेख येतो. नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

हे सगळे तुम्ही ऐकलेले असेल. पण त्याच मजकुरात एक अर्धे वाक्य आहे, ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही. टिपूच्या लोकांनी कावसजीचे नाक कापले आणि एक हातही तोडला. नाकाची गोष्ट जगभर गेली. हाताचे काय झाले? बैल हाकणारा माणूस, कासरा धरायचा, जू चढवायचे, चाक ढकलायचे. ते एका हाताने कसे केले असेल? मजकूर एवढेच सांगतो की त्याला कंपनीची पेन्शन होती. म्हणजे पुन्हा होनच. नाक हे इज्जतीचे, म्हणून त्याला कारागीर मिळाला. हात हा कामाचा, त्याला पेन्शन मिळाली. (हशा) हसू नका, आजही सरकारी योजनेत ही वाटणी शोधायला गेलात तर सापडेल.

जाता जाता भाषेबद्दल एक. आपल्याकडे लंगडा, पांगळा, थोटा, असे शब्द भरपूर. अवयव नसलेल्या माणसाला नाव ठेवायला भाषा कधी कमी पडली नाही. पण तोच माणूस अवयव बसवून चालायला लागला तर त्याला काय म्हणायचे? शब्द नाही. कुबड्या हा शब्द तर आता राजकारणातच जास्त चालतो, कुबड्यांवरचे सरकार वगैरे. ज्याने सहा महिने खऱ्या कुबड्यांवर काढले आहेत त्याला विचारा, त्या घेऊन पाणी भरलेला तांब्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसा न्यायचा. दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यातल्या मराठा पलटणी १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत कुट-अल-अमारामध्ये वेढ्यात अडकल्या. त्या आघाडीवरचे जखमी बोटीने येत ते मुंबई बंदरात. फोर्टमधले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तुम्ही पाहिले असेल, शाळेच्या सहलीत तरी. ती इमारत उभी राहिली आणि त्या काळात तिथे वस्तूंऐवजी खाटा लागल्या, लष्करी रुग्णालय म्हणून. आज जिथे मूर्ती आहेत तिथे जखमी शिपाई होते.

याच काळात इंग्लंडमध्ये हात किंवा पाय गमावलेले ४१,००० च्या वर सैनिक होते. त्यांच्यासाठी लंडनजवळ रोहॅम्प्टनला मोठे रुग्णालय उभे राहिले, तिथेच अवयव बनवायचे कारखाने. लाकडी पाय मागे पडून हलक्या धातूचा पाय आला तोही त्याच सुमाराला. मार्सेल डिसूटर नावाच्या वैमानिकाने १९१३ मध्ये पाय गमावला होता. लाकडाचा पाय त्याला जड व्हायला लागला आणि त्याच्या भावाने विमानात वापरतात तो ड्युरॅल्युमिन घेऊन पाय बनवला. भावाने बनवला, कारण भावाला रोज दिसत होते. मुंबईत १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे खडकीला गेले आणि आजही आहे. तिथला भर होता कामधंदा शिकवण्यावर. गावी परतलेला शिपाई नांगर धरू शकणार नाही, तर त्याला दुसरे काहीतरी यायला हवे. हा विचार सोनजी गुजराच्या पुढचा आहे. सांभाळणारा शोधायचा नाही, माणसालाच उभे करायचे.

(प्रश्न: पण पाय बसवला की माणूस चालतोच ना? शिकायचे काय असते त्यात?)

बरे झाले विचारलेत. इथे आम्ही इतिहास थोडा बाजूला ठेवतो, कारण हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

आपण कृत्रिम पाय म्हटले की पाऊल डोळ्यांसमोर आणतो. रबराचे, लाकडाचे, आता कार्बन फायबरचे. पण पायाचे मर्म पावलात नाही. ते वरच्या वाटीत आहे, जिला सगळे सॉकेट म्हणतात. उरलेला अवयव, म्हणजे स्टंप, त्या सॉकेटमध्ये बसतो आणि सगळे वजन तिथे येते. तळपायाची कातडी जन्मापासून वजन घ्यायला तयार झालेली असते. पोटरीची कातडी नसते. तिला पन्नाशीत सांगायचे की आजपासून तू तळपाय. आणि गंमत म्हणजे ही कातडी ज्यावर आहे तो स्टंप पहिल्या वर्षात रोज बदलत असतो. शस्त्रक्रियेची सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात. जानेवारीत घट्ट बसलेले सॉकेट एप्रिलमध्ये खुळखुळते. पाय खराब झाला असे माणसाला वाटते. पाय तोच असतो, माणूस बदललेला असतो.

म्हणून मोजे. एक पदरी, तीन पदरी, पाच पदरी असे जाड-बारीक मोजे मिळतात. सकाळी एक घालून निघालेला माणूस दुपारी सॉकेट सैल वाटले की आणखी एक चढवतो. हे ज्याला जमले त्याला निम्मे जमले. मोज्यांवर मोजे चढवूनही स्टंप खाली टेकायला लागला, तर मात्र सॉकेटच बदलावे लागते, आणि पहिल्या वर्षात ते बदलावे लागणे यात काही नवल नाही. दुकानदाराने फसवले असे समजू नका.

स्टंप धुवायचा तो रात्री. आपल्याकडे आंघोळ सकाळची, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण सकाळी धुतलेली ओलसर कातडी सॉकेटमध्ये गेली की ती फुगते, चिकटते आणि सोलते. साधा साबण, स्वच्छ पाणी, टिपून कोरडे करणे, बस. स्पिरिट नको, कडक काही नको. मोजा रोज धुवायचा. सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसून रात्रभर उघडे ठेवायचे, शेगडीजवळ नाही. आणि हातआरसा घेऊन स्टंपची मागची बाजू रोज बघायची. पाय काढल्यावर लाली दिसली तर घाबरायचे नाही. दहा-पंधरा मिनिटांत ती गेली पाहिजे. गेली नाही, तर उद्या पाय चढवायचा नाही आणि बनवणाऱ्याकडे जायचे. सुरुवातीला तास-अर्धा तास घालायचा, काढायचा, बघायचा, पुन्हा घालायचा. असे करत करत दिवसभरापर्यंत पोचायचे. पहिल्याच दिवशी सोसायटीला तीन चकरा मारणारे आम्ही पाहिले आहेत. चौथ्या दिवशी ते खाटेवर असतात, स्टंपवर रुपयाएवढा फोड घेऊन. आणि तो फोड बरा होईपर्यंत पाय कोपऱ्यात उभा राहतो, कोपऱ्यातून कपाटामागे जातो आणि कपाटामागून माळ्यावर.

माळ्यावर जाण्याचा रस्ता हा असा असतो. आळशीपणाचा त्याच्याशी फार थोडा संबंध.

घरातल्या प्रेमाचाही त्यात वाटा असतो, हे जरा कटू आहे. आई किंवा बायको मायेने गुडघ्याखाली मऊ उशी देते. दुखते ना, आराम वाटेल. गुडघा दिवसभर वाकलेला राहतो आणि काही आठवड्यांत तो सरळ व्हायचाच बंद होतो. मग कितीही महागडा पाय आणा, उभे राहता येत नाही. डॉक्टर सांगतात पालथे झोपा, पाय सरळ ठेवा, ते याच्यासाठी.

(प्रश्न: नसलेला पाय दुखतो म्हणतात, ते मनाचे खेळ का?)

नाही. हे दुखणे खरे आहे आणि ते फार जुने आहे. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच सर्जनने त्याची नोंद केली. अमेरिकन यादवी युद्धातले जखमी तपासणाऱ्या वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ मध्ये त्याला भुताचा अवयव अशा अर्थाचे नाव दिले, तेच आजही चालते. मेंदूत त्या पायाचा नकाशा शिल्लक असतो. नसलेल्या अंगठ्याला खाज येते, नसलेल्या पोटरीत गोळा येतो. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी एक साधा आरसा वापरून बऱ्याच जणांचे हे दुखणे हलके केले. धडधाकट अवयवाचे प्रतिबिंब नसलेल्याच्या जागी दिसते आणि मेंदूची समजूत पटते, निदान काही काळ. पूर्वी घरात असे कुणी बोलले तर लागीर झाले म्हणायचे. आता निदान डॉक्टरला सांगा. आणि रात्री झोपेतून उठताना कुबडी हाताशी ठेवा. अर्धवट झोपेत पाय आहे असेच वाटते, माणूस उतरतो आणि पडतो. वर्षभर चालणारी माणसेही अशी पडलेली आहेत.

हे सगळे लक्षात ठेवून आता पुण्याला चला. १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, लष्कराने पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभे केले. देशातली या प्रकारची ही पहिली मोठी संस्था, आणि पुढे तिची दारे नागरिकांसाठीही उघडली. सैनिकाला तिथे पाय मिळतो, चालायला शिकवले जाते, आणि पाय झिजला, मोडला, सैल झाला की तो परत येतो. म्हाताऱ्या झालेल्या सैनिकाचाही त्या जागेशी संबंध सुटत नाही. आमच्या मते पुण्याच्या या संस्थेचे मोठेपण त्या परत येण्यात आहे. लष्कराला रजिस्टर ठेवायची सवय असते, तिचा इथे उपयोग झाला.

इथेच आला होता मुंबईत जन्मलेला एक गोरखा पलटणीचा अधिकारी, इयान कार्डोझो. १९७१ च्या युद्धात सिल्हेट भागात त्यांचा पाय सुरुंगावर पडला. कापायला साधन नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच खुकरीने तो लोंबकळणारा पाय कापला. ही गोष्ट सगळीकडे सांगतात. अंगावर काटा येतो, टाळ्या पडतात. पण आम्हाला विचाराल तर खुकरीचा वार काही क्षणांचा होता. त्यानंतर पुण्यात लाकडी पाय मिळाला आणि मग सुरू झाली वर्षे. रोजचा सराव, धडधाकट अधिकाऱ्यांबरोबर शारीरिक चाचणी, वरिष्ठांशी वाद, डोंगर चढून दाखवणे. शेवटी पलटणीचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते भारतीय लष्करातले पहिले अपंग अधिकारी ठरले आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. त्या वर्षांवर टाळ्या पडत नाहीत, कारण ती वर्षे सांगायला कंटाळवाणी असतात. सकाळी उठा, मोजा चढवा, बघा, चाला.

नागरिकांसाठी मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने संस्था सुरू झाली, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. नाव लांबलचक, पण रिक्षा-टॅक्सीवाल्याला हाजी अलीचे अपंगांचे हॉस्पिटल म्हटले की पुरते. त्या काळी आपल्याकडचे पाय हे बहुतेक पाश्चात्त्य घडणीचे. बूट घालून, खुर्चीवर बसून, कोरड्या फरशीवर चालणाऱ्या माणसासाठी केलेले. आपला माणूस काय करतो? उकिडवा बसतो. मांडी घालून जेवतो. देवळात अनवाणी जातो. भाताच्या खाचरात घोटाभर चिखलात उभा राहतो. त्या पायाला हे काहीच येत नव्हते. मग माणसाने काय करावे? पाय घरी ठेवावा आणि कुबड्या घेऊन शेतावर जावे. त्याने तेच केले.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठींना हेच दिसले. पाय दिलेले लोक कुबड्यांवर परत येत होते. दुसरा डॉक्टर म्हणाला असता, पेशंट ऐकत नाहीत. इथे प्रश्न पायाला विचारला गेला. आणि उत्तर दिले रामचंद्र शर्मा यांनी. फार न शिकलेले, पण पिढीजात कारागीर, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत. टायर रिट्रेडिंगच्या कारखान्यात जसे रबर भाजतात तसे भाजून १९६८ मध्ये जयपूर फूट तयार झाले. ते बुटाशिवाय चालते, वाकते, ओले होऊ शकते, दिसतेही पावलासारखे. पुण्याच्या त्या विटा भाजणाऱ्या कारागिरानंतर पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा एक कारागीर. या वेळी नाव नोंदले गेले, तरी मोठा पुरस्कार, १९८१ चा मॅगसेसे, डॉक्टरांनाच मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि हा पाय फुकट, तोही बहुधा त्याच दिवशी, लाखो लोकांपर्यंत गेला. एवढे मोठे काम दुसरे दाखवा.

तरीही 'त्याच दिवशी' या शब्दांपाशी आम्ही अडखळतो. विश्पलेचे रातोरात पुन्हा आले की काय? दूरच्या गावातून आलेल्या माणसाला चार दिवस शहरात राहणे परवडत नाही, म्हणून एका दिवसात पाय, हे अगदी योग्य. पण सॉकेट एप्रिलमध्ये खुळखुळणार, ते गावात. शिबिर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असते. आम्हाला कुठलेही शिबिर कमी लेखायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे, की शिबिराच्या फलकावर वाटपाची तारीख मोठ्या अक्षरात असते, तशी दुरुस्तीची तारीखही असावी.

जयपूर फूटची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मुंबईचीच आहे. सुधा चंद्रन. १९८१ मध्ये तामिळनाडूत बसचा अपघात झाला, जखमेत गँगरीन झाले आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूरला सेठींकडे पाय मिळाला आणि १९८४ मध्ये मुंबईत त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. मग तेलुगू 'मयूरी' आला, त्यावरून १९८६ मध्ये हिंदी 'नाचे मयूरी', दोन्हींत त्या स्वतःच. सिनेमात सरावाची वर्षे एका गाण्यात संपतात, सिनेमाला दुसरे करता येत नाही. प्रत्यक्षात स्टंप घासून रक्त येत होते आणि त्या पुन्हा उभ्या राहत होत्या. २०२१ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ टाकला. विमानतळावर प्रत्येक वेळी तपासणीसाठी पाय काढायला लावतात, ते थांबवा, अशी विनंती होती. सुरक्षा दलाने माफी मागितली. इतक्या वर्षांनंतर, इतक्या प्रसिद्ध पायाला! मग हार्बर लाइनवर धक्के खात जाणाऱ्या अनामिक पायाची काय कथा.

आता आपल्या बेलापूरबद्दल बोलू, कारण इथे बसून जयपूरच्या हवेचे ऐकण्यात अर्थ नाही. जयपूर कोरडे. आपण खाडीकाठी, डोंगराच्या कुशीत. जूनपासून चार महिने आपल्याकडे टॉवेल वाळत नाही, तर स्टंपचा मोजा कुठून वाळणार? आमच्या परिचयाचे एक गृहस्थ नेरूळहून इथे कचेरीत यायचे, मधुमेहाने पाय गेलेला. पहिला पाय दोन महिन्यांत माळ्यावर गेला. दुसऱ्या वेळी पाय बनवणाऱ्या ताईंनी त्यांना पायाबरोबर एक वही दिली आणि अर्धा डझन मोजे घ्यायला लावले. वहीत रोज लिहायचे, किती तास घातला, किती मोजे, लाली किती वेळ राहिली. ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी कोरडा मोजा. दुपारी दार लावून पाच मिनिटे पाय काढायचा, पुसायचा, मोजा बदलायचा. सहकाऱ्यांना सुरुवातीला विचित्र वाटले, नंतर कुणाचे लक्षही जाईना. त्या वहीला आम्ही ऐतिहासिक कागदपत्र मानतो.

मधुमेहाचे वेगळे सांगायला हवे, कारण आज पाय जातात ते फक्त रुळांवर आणि रस्त्यांवर नाही. मधुमेहात संवेदना कमी होते. फोड आला तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. ही गोष्ट आपल्याकडे आधी कुष्ठरोगाने शिकवली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमांनी. म्हणून त्याला मऊ रबराच्या चपला आणि रोज पाय तपासायची सवय. वरोऱ्याच्या आनंदवनाचे नाव ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे नवे वाटू नये. ज्याला दुखते त्याला स्टंप स्वतः सांगतो. ज्याला दुखत नाही त्याने आरशाला विचारायचे, आणि दुसरा जो पाय शाबूत आहे त्यालाही.

(प्रश्न: आमचे वडील गेले. त्यांचा पाय घरी आहे, चांगल्या अवस्थेत. कुणा गरजूला देता येईल का?)

हा प्रश्न बहुतेक ठिकाणी येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज दरवेळी थोडा खाली आलेला असतो. पूर्ण पाय जसाच्या तसा दुसऱ्याला देता येत नाही. सॉकेट तुमच्या वडिलांच्याच मापाचे आहे, ते दुसऱ्या कुणाला बसणार नाही आणि ओढूनताणून बसवले तर इजा करेल. पण पाऊल, मधली नळी, गुडघ्याच्या वर कापलेले असेल तर गुडघ्याचा सांधा, हे भाग चांगले असतील तर पाय बनवणाऱ्या कार्यशाळेला कधी कधी उपयोगी पडतात. सगळे घेतातच असे नाही, आधी फोन करून विचारा. त्यांच्याकडे नेताना मोजे धुऊन न्या, न वापरलेले असतील तर तेही द्या. ते भाग सुटे करतील आणि सॉकेट बाजूला काढतील. ते तिथेच ठेवायचे की घरी परत आणायचे, हे घरातल्यांना विचारून ठरवून जा. तिथे गेल्यावर ठरवायला कठीण जाते.